टाकळूचं नाव कोणी ठेवलं?

या बाळांनो, असे जवळ सरका, मांडी घालून बसा. एका इवल्या हिरव्या जिवाची गोष्ट सांगतो. देवाची करणी आणि दोन पोरांची धडपड, दोन्ही आहेत तिच्यात!

"वाट लागली!" गंधाली किंचाळली. "रविवारी टाकळूचं नाव बदलणार! ग्रीनी ठेवणार म्हणे!"

गणपतीची सुट्टी होती. दहिसरच्या चाळीत गंधाली आणि सुयोग मोबाइलवर 'हिरवा किल्ला' खेळत होते. टाकळू त्यातला सगळ्यात छोटा गडी. डोक्यावर पिवळं फूल. दिवस मावळला की पानांचे हात जोडून झोपायचा.

"कंपनी लिहिते, दर भाषेत नाव वेगळं, अर्थ कशालाच नाही, म्हणून आता सगळीकडे एकच नाव," सुयोगने वाचलं.

शेजारच्या दाराशी बसलेल्या गुणाजी आजोबांचा चेहरा उतरला. रोज संध्याकाळी ते पोरांच्या मोबाइलवर टाकळू बघायचे. "माझी बायको वसुधा देवाघरी जाताना हसून म्हणाली होती, 'तो टाकळू माझो हां!' का माझो, ता काय तिना सांगूक नाय. आता नावच पुसणार?"

"आणि अर्थ नाही कसा?" गंधाली फणकारली. "टाकळा म्हणजे रानभाजी ना?"

"थांब!" सुयोगने खेळाची भाषा बदलली. हिंदीत आलं 'चकवडू', गुजरातीत 'कुवाडियो'.

दोघं पळाले. शेजारच्या गुजराती काकी म्हणाल्या, "कुवाडियो? चला, दाखवते!" कोपऱ्यावरचे केळीवाले भैया म्हणाले, "चकवड? अरे, वो तो यहीं नदी के पास है!" दोघांनीही बोट दाखवलं ते एकाच झुडपाकडे. टाकळ्याच्या!

"यार, तिन्ही नावं एकाच रोपाची!" सुयोग उडालाच. "कोणीतरी विचार करून ठेवलीत!"

दुसऱ्या दिवशी आजोबांना घेऊन मेट्रोने दोघं साकीनाक्याला खेळाच्या कंपनीत पोचले. कंपनीचे साहेब अनिरुद्ध दारातच म्हणाले, "ही नावं कोणी दिली, कुठेच नोंद नाही. आता जेवायची वेळ आहे, नंतर या."

"आम्हीपण डबा आणलाय! इथेच बसू?" गंधालीने विचारलं, आणि उत्तराआधीच जेवणाच्या टेबलावर झाकण उघडलं. टाकळ्याचे कोवळे शेंडे, लसूण, ओलं खोबरं. आजोबांनी बायकोच्या पद्धतीनेच केली होती भाजी.

"कुवाडियो!" एक ताई ओरडली.

"चकवड है ये!" एक दादा म्हणाला.

टाकळूचं चित्र काढणाऱ्या प्रांजलने एक घास घेतला. मग हळूच म्हणाला, "ही चव... वसुधामावशींची आहे."

आजोबांनी डबा त्याच्यापुढे सरकवला. "तू ओळखतस तिका?"

"रोज त्याच डबा घेऊन यायच्या आमच्याकडे! ही भाजी आली की नावावरून भांडण ठरलेलं. मावशी म्हणाल्या, 'भांडताय कशाला? सगळ्यांचीच ठेवा!' एकदा संध्याकाळी रिकामा डबा न्यायला आल्या, तेव्हा मला मुद्दाम बाहेर नेऊन टाकळ्याची मिटलेली पानं दाखवली. म्हणाल्या, 'बघ, देवाला हात जोडतोय.' तोच हा टाकळू."

अनिरुद्ध साहेबांनी मान खाली घातली. "आजोबा, चुकलंच माझं. कोणालाही न विचारता पुसायला निघालो होतो. नाव बदलणार नाही. आणि पोरांनो, झकास तपास केलात हां! आमच्या कोणाच्या डोक्यात आलं नाही ते तुम्ही शोधलंत."

रविवारी खेळ उघडला, तेव्हा टाकळूच्या चित्राखाली एक ओळ होती: 'ही नावं दिली वसुधा गुणाजी परब यांनी.'

गुणाजी आजोबांनी चष्मा पुसून ती तीनदा वाचली. "'माझो' म्हणाली होती, ती खोटा कित्याक सांगात?" एवढंच म्हणाले आणि गंधाली-सुयोगच्या डोक्यावर हात ठेवला.

बाळांनो, एक मागणं आहे. पानात हिरवी भाजी पडली की नाक मुरडू नका. पहिल्या घासाआधी वसुधाआजीची आठवण काढा.