दुसरं कुलूप

सत्त्याऐंशीचा डिसेंबर. पंजाबात रोज माणसं मरत होती आणि चंदीगडला ऊन असं छान पडलं होतं, की रघुवीर सोमणला स्वतःच्या समाधानाची लाज वाटायची. सेक्टर सत्तावीसमधलं क्वार्टर, बायकोच्या, नयनाच्या, हातचं पिठलं आणि शहराबाहेरच्या लष्करी डेपोची तपासणी. ऑडिटवाल्यांना म्हणे चूक सापडल्याशिवाय घास गोड लागत नाही. रघुवीर मात्र सगळं ठीक दिसलं की खूश व्हायचा, आणि इथे कुंपणापासून पहाऱ्यापर्यंत सगळं ठीक होतं.

राहिली होती रायफलींची खोली. दाराला दोन कुलपं, किल्ल्या दोघांकडे. एकट्याला आत जाता येऊ नये म्हणून. एक किल्ली सुभेदार गुरदित्त सिंगांकडे, दुसरी नायक रतनचंदकडे.

"रतनचंद को बुलाइए," रघुवीर म्हणाला.

सुभेदारांनी चहाचा पेला खाली ठेवला. "वो तो दिवाली की छुट्टी पे जा रहा था, साहब. बस में मारा गया. चाबी उसी के पास थी, मिली नहीं."

"फिर दरवाज़ा खुलता कैसे है?"

"मैं अपना ताला खोलता हूँ जी. दूसरा आप ही खुल जाता है. किसको बताता? कौन मानता?"

रघुवीरनं मनात हिशेब मांडला. ती किल्ली भलत्या हाती पडली असेल, तर उद्या याच रायफली एखाद्या बसवर चालणार. आणि वर कळवावं, तर निवृत्तीला आलेल्या या माणसाची पेन्शन जाणार.

सुभेदारांनी दार उघडून दिलं, त्यानं हत्यारं तपासली. सगळी जागच्या जागी होती. मग सेक्टर सतराच्या बाजारातून नवंकोरं कुलूप आणून त्यानं रतनचंदच्या कुलपाच्या जागी स्वतः लावलं.

सकाळी सुभेदारांनी आपलं कुलूप काढलं. शेजारचं नवं कुलूप खट्‌कन सुटलं. त्याची किल्ली रघुवीरच्या मुठीत होती.

तो घाबरला, पण खरं सांगायचं तर त्याला हायसंही वाटलं. रतनचंद अजून ड्यूटीवर होता, एवढंच. तरी किल्लीला जिवंत माणूस हवा, म्हणून त्यानं हवालदार श्यामसुंदरची शिफारस केली. स्वच्छ नोकरी, हसरा चेहरा, साहेबलोकांचा लाडका.

सोमवारी तिघे दारापुढे उभे राहिले. सुभेदारांचं कुलूप निघालं. श्यामसुंदरनं नव्या कुलपात किल्ली फिरवली. किल्ली फिरली, कुलूप सुटलं नाही.

"जाम होगा, साहब. तेल ले आता हूँ," तो हसून म्हणाला आणि निघाला.

तो कोपऱ्यावरून वळला.

कुलूप सुटलं.



श्यामसुंदर बाटली घेऊन परत येत होता. त्याची पावलं जवळ आली, तसं ते उघडं कुलूप दोघांच्या डोळ्यांदेखत बंद झालं.