तबकडीतला श्वास

माझी धाकटी बहीण मोठी गायिका. नवं गाणं बसवण्याआधी ती जुन्या तबकड्या ऐकते. सूर शोधत नाही. जुन्या गायिका श्वास कुठं घेत, ते शोधते आणि नेमका तिथंच आपला घेते. त्या दुपारी मी बाहेरच्या खोलीत तिचे कार्यक्रमाचे कपडे इस्त्री करत होते. तिचा घसा बसला होता, तो सुटावा म्हणून मी देवापुढं सूर्य मावळेपर्यंत मौनाचं व्रत धरलं होतं.

साथीला वाजवणारे काका तिनं आणलेली तबकडी उलटसुलट बघत म्हणाले, "बाळ, ही नको लावूस. या बाईचा नवऱ्यानं गाता गाताच गळा दाबला. गाणं तिथंच संपतं."

"काका, तुम्ही अर्ध्या गायिका अशाच मारून टाकल्यात," ती हसली. "आणि ताई, तू मध्ये बोलू नकोस हं. देव रागवेल."

काका गेले. तिनं दार लोटून घेतलं.

आधी दोन आवाज येत होते, तबकडीतला आणि तिचा. मग एकच. श्वाससुद्धा एकच. घसा सुटला म्हणून मला बरं वाटलं. तेवढ्यात आवाज चिरडल्यासारखा थांबला... आणि भिंतीवर टाचा आपटू लागल्या.

हातातली तापलेली इस्त्री तशीच घेऊन मी दार ढकललं. ती भिंतीला चिकटलेली, पाय जमिनीपासून वर. गळ्यावर बोटांचे खळगे पडत होते. बोटं मात्र कुणाचीच नव्हती. डोळ्यांत रक्त उतरलेलं, ओठ दातांखाली फाटलेला. तबकडी फिरतच होती. मी त्या तबकडीवर इस्त्री घातली. पुन्हा घातली. तुकडे उडाले, एक माझ्या गालात घुसला. तरी खळगे खोलच जात होते.

तेव्हा मी व्रत मोडलं.

"सोड तिला," मी ओरडले.

ती धप्पकन खाली पडली.

वाचली. घसाही सुटला. मोडलेलं व्रतही देवानं पदरात घेतलं, असंच मी धरून चालले.

मग काकांनी त्याच तबकडीची दुसरी प्रत आणली, आमच्या जन्माआधीची. "ताई, ऐक... हे पूर्वी नव्हतं."

गाणं तुटतं. लांबून एक बाई ओरडते, "सोड तिला." आवाज माझा. मागोमाग त्या गायिकेचा लांब, पोटभर श्वास. मी हात जोडले. वाटलं, तीही सुटली बिचारी.

काकांनी सुई उचलली नव्हती. पुढं पावलं ऐकू आली. पुरुषाची, सावकाश. तिच्यापासून दूर... माझा आवाज आला होता, त्या बाजूला.

तेव्हापासून मी पुन्हा मौन धरलंय. हेही लिहूनच सांगतेय. काका तबकडी रोज लावून बघतात. पावलं रोज थोडी पुढं येतात.

काल शेवटी दाराची कडी वाजली.