नसलेलं दार

औषधांच्या दुकानातून ती दुपारची जेवायला घरी आली, तर हॉलमध्ये एक अनोळखी माणूस गुडघ्यांवर रांगत होता. वर न बघताच त्याने मोजायच्या टेपचं टोक तिच्या हातात दिलं.

"घट्ट धरा. सोडू नका."

तिने धरलं. का धरलं, हे तिला पुढे दीड महिना कळलं नाही.

हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत पाडून सगळं एकच मोकळं करायचं, हा आईचा हट्ट. चाळीस वर्षं भिंतीकडे तोंड करून भाजी चिरली, आता माणसांकडे तोंड करून चिरणार, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. काम घेतलं होतं या टेपवाल्याने. हे नाव आईनेच पाडलेलं. त्याने भिंत ठोकून पाहिली आणि बिनधोक पाडा म्हणून सांगितलं.

लेकीचं मात्र ठरेना. सोमवारी भिंत हवी, मंगळवारी नको, बुधवारी अर्धी! डॉक्टरांचं किरटं अक्षर लीलया वाचणाऱ्या या बाईला स्वतःच्या मनातलं एक अक्षर लागत नव्हतं. तिने विचार बदलला की त्याला नवा नकाशा काढावा लागे, आणि तो समजून घ्यायला तिला त्याच्या शेजारी बसावं लागे. त्याच्या केसांत सिमेंटची धूळ असे. ती झटकावी असं वाटे... आणि असं का वाटतं म्हणून राग येई, तोही त्याचाच.

"तुम्हाला नक्की काय हवंय?" त्याने एकदा विचारलं.

"तेच तर..." म्हणत ती चहा आणायला पळाली आणि रिकाम्या हाताने परत आली.

शेवटी घर माझं, भिंत माझी, असं म्हणून आईने ती पाडून घेतली.

गंमत पुढेच झाली. भिंत गेली, पण घरातल्या पायांना ते कुणी कळवलंच नाही. आई सरळ जायचं सोडून वळसा घालून जुन्या दाराच्या जागी जायची आणि नसलेल्या उंबरठ्यावरून पाय उचलायची. लेक तर बोलता बोलता चौकटीला टेकायला गेली – आणि पडता पडता त्याच्या हाताने सावरली. तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

शनिवारी काम संपणार होतं. सोमवारपासून तो दुसऱ्या गावी, दोन वर्षांच्या कामावर. हे कळल्यापासून तिला ओट्यावरची फळी कधी फार वर वाटे, कधी फार खाली. तिसऱ्यांदा हलवायला सांगितली तेव्हा आईने तिला बाजूला घेतलं.

"अगं, फळीचं काही अडलेलं नाही. जिथे अडलंय तिथे बोल."

शनिवारी त्याने सामान बांधलं. टेप सापडेना. पिशव्या उपसल्या, ओट्याखाली पाहिलं. ती आईजवळ ओट्यापाशी उभी होती. तिने सहज खिशात हात घातला आणि चरकली. टेप तिथेच होती. कधी घातली, देव जाणे.

तेवढ्यात तो आला. चहूकडून वाट मोकळी असताना हाही वळसा घालून जुन्या दाराच्या जागी थांबला आणि हवेत दोनदा बोटाने दार वाजवल्यासारखं केलं.

"आत येऊ?"

"सगळं उघडंच तर आहे," लेक म्हणाली.

"म्हणून तर पंचाईत आहे. भिंत होती तेव्हा कुठून यायचं ते तरी कळायचं." तो अडखळला. "मोजायचं काही उरलं नाही इथे. तरी दर रविवारी यावंसं वाटतंय... तुम्ही म्हणालात तर."

काय म्हणायचं, ते तिला अजूनही नीट कळत नव्हतं. तिने टेप काढली आणि टोक त्याच्या हातात दिलं.

"घट्ट धरा," ती म्हणाली. "सोडू नका."

आणि माणसांकडे तोंड करायला जिने अख्खी भिंत पाडली, ती आई मुकाट्याने पाठ फिरवून भाजी चिरू लागली.