ढब्बीच्या पोटातली परात

"ताई, ढब्बी न्हाय! जाग्यावर न्हाय!"

अमृत धापा टाकत दारात येऊन उभा राहिला. संघप्रियाच्या हातातली भाकरी थापता थापताच मोडली.

"न्हाय म्हणजे? चालत गेली का?"

"चालाय कुठं येतंय तिला? खाली ठेवलेली वीट तेवढी ऱ्हायलीय."

तेरमध्ये एखाद्याची म्हैस हरवली की अर्धं गाव काठ्या घेऊन नदीकडं पळतं. ढब्बीसाठी कोण पळणार? ती दूध देत नव्हती, शेण टाकत नव्हती, हंबरतही नव्हती. बोअरच्या जुन्या पाइपांचे पाय, सायकलच्या मडगार्डांची शिंगं, साखळीची शेपटी, फवारणीच्या फुटक्या पंपाचं तोंड आणि गावभरच्या गळक्या भांड्यांचं पोट, अशी ती म्हैस होती. आठवी पास झालेली संघप्रिया, तिची मैत्रीण मिनाज आणि संघप्रियाचा लुडबुड्या भाऊ अमृत या तिघांनी सुट्टीचे पहिले दहा दिवस उन्हातान्हात खपून ती उभी केली होती. वेल्डिंग करून दिलं मिनाजच्या अब्बांनी, म्हणजे नबीलालचाचांनी. त्यांच्या दुकानामागंच ती उभी असायची. तिचा मागचा डावा पाय चार बोटं आखूड होता. तीन पाय चाचांनी स्वतःच्या वितीनं मोजले आणि चौथा अमृतनं त्याच्या वितीनं. म्हणून ती वीट.

भांडी गोळा करताना मजा आली होती. जाईबाईंनी कळशी दिली, कुणी हंडा दिला, कुणी पातेलं. मिनाजच्या दादीनं, अजीजाबींनी, आपली मोठी परात दिली, पण अट घालून. लग्नातल्या भांड्यांवर नाव ठोकून घेतात, तसं परातीच्या आतल्या काठावर त्यांचं नाव होतं.

"माझं नाव चौकात कशाला गं मिरवायचं? पोटात राहू दे," दादी म्हणाल्या. म्हणून परात ढब्बीच्या पोटाखाली अशी बसवली, की नाव आतल्या बाजूला गेलं.

आणि ढब्बीच्या छातीवर होती तांब्याची एक घागर. ती संघप्रियाच्या आईची. आई कामावर गेलेली असताना, तिला न विचारता माळ्यावरून काढलेली. तळाला गळत होती, वर्षानुवर्षं वापरात नव्हती. तिच्या काठाखाली खिळ्यानं ठोकलेल्या वेड्यावाकड्या ठिपक्यांत नाव होतं, 'नंदा श्रीपती'. चाचा तिला बोल्टसाठी भोक पाडायला निघाले तेव्हा संघप्रियानं त्यांचा हात धरला होता. "नको चाचा. ही नुसती तारेनं बांधा. वीस तारखेला शाळेच्या मेळाव्यात ढब्बी दाखवली की मी घागर परत ठेवणार हाय."

आता ढब्बीच नव्हती, तर घागर कुठून ठेवणार?

चाचा दोन दिवस कळंबला लग्नाला गेले होते, दुकान बंद होतं. मागच्या मातीत टेंपोच्या चाकांच्या खुणा होत्या. समोर चहाची टपरी चालवणाऱ्या म्हाळसाबाईंना सगळं ठाऊक होतं, फक्त कुणी विचारलं नव्हतं.

"भरदुपारी आला की टेंपो. चार माणसं व्हती. म्हणली, शाळंचा माल हाय, हेडमास्तरानं न्यायला सांगितलाय. मला काय म्हाईत?"

तिघं हेडमास्तरांच्या घरी. ते पंख्याखाली पेपर वाचत होते.

"हां हां, सोमेश सरांचा फोन आला होता. मुलांनी केलेलं ते काय आहे ते नेऊ का म्हणाले. म्हटलं न्या. भंगारच आहे ना? तेवढीच जागा मोकळी."

अमृत काहीतरी बोलणार होता, मिनाजनं त्याच्या पायावर पाय दिला. पण संघप्रियाचा जीव भांड्यात पडला. सोमेश सर! मग काळजीच नव्हती.

सोमेश सर म्हणजे शहरातले शिल्पकार. फेब्रुवारीत शाळेत आले होते, टाकाऊ वस्तूंमधून शिल्प कसं करायचं ते दोन दिवस शिकवायला. त्यांनी फुटका पंप वर धरून विचारलं होतं, "हे काय आहे?" सगळा वर्ग ओरडला, पंप. संघप्रिया हळूच म्हणाली, म्हशीचं तोंड. सर थांबले. म्हणाले, "या मुलीला दिसतं." एवढंच म्हणाले. पण ते तीन शब्द संघप्रिया तीन महिने जपून होती. घरात कुणाला सांगितले नव्हते, उगाच चिडवतील म्हणून. ढब्बी पूर्ण झाल्यावर तिनं पहिला फोटो कुणाला पाठवला असेल? सरांनाच.

"रंगवून आणणार असतील," ती म्हणाली. "आपल्याला चकित करायचं असंल त्यांना."

"सांगून नेलं असतं की मग," मिनाज म्हणाली.

"तुला न्हाय कळायचं."

वीस तारीख आली आणि गेली. मेळावा झाला, भाषणं झाली, ढब्बी आली नाही. सरांचा फोन लागेना. लागला तरी कुणी उचलेना. एकवीसला सकाळी मिनाज अब्बांचा मोबाइल घेऊन आली आणि तिनं तो संघप्रियापुढं धरला.

धाराशिवच्या एका नव्या बागेचं निमंत्रण होतं. 'शिल्पकार सोमेश यांच्या कल्पनेतून आणि हातांतून साकारलेली कामधेनू. उद्या सकाळी अकरा वाजता अनावरण.' खाली फोटो. सोनेरी रंगानं न्हाऊन निघालेली गाय. शिंगं ठोकून सरळ केलेली, कपाळावर लाल टिळा.

"ही ढब्बी न्हाय," संघप्रिया म्हणाली. म्हणताना तिलाच ते खोटं वाटलं.

अमृतनं दोन बोटांनी फोटो मोठा केला. मागच्या डाव्या पायाखाली संगमरवराचा एक तुकडा सरकवलेला होता. "माझा पाय," तो म्हणाला. "ताई, ह्यो माझाच आखूड पाय हाय. आपल्या म्हशीची गाय केली गं त्यांनी!"

संघप्रियाला रडू आलं. ते म्हशीसाठी नव्हतं. आपण तिघांत शहाण्या म्हणवतो आणि सगळ्यात उशिरा आपल्यालाच कळलं, याची तिला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी अजीजाबींना डोळे तपासायला धाराशिवला जायचंच होतं. तिघं त्यांच्यासोबत एसटीत बसले. आईला सांगितलं, दादीला सोबत म्हणून चाललोय. तेही अर्धं खरं.

"तिथं जाऊन मी बोंब मारणार," अमृत म्हणाला. "चोर चोर म्हणून."

"आन् वॉचमन तुझं बखोट धरून गेटाबाहेर काढणार," मिनाज म्हणाली. "भांडणाऱ्या पोरांचं कुणी ऐकत न्हाय. आपण भांडायचंच न्हाय. आपण विचारायचं."

"काय विचारायचं?"

मिनाजनं दादीकडं बघितलं. दादी तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात सारत म्हणाल्या, "विचार की, पोटात काय हाय म्हणून."

बागेत मांडव घातला होता. खुर्च्या भरल्या होत्या, हार तयार होते. ढब्बी उंच चौथऱ्यावर उन्हात झगमगत होती, भोवती लाल फीत. फितीपर्यंत जाता येत होतं. मिनाजनं डोळे बारीक करून पाहिलं आणि संघप्रियाचा दंड धरला.

"जाईबाईच्या कळशीवरचं नाव गेलंय. हंड्यावरचं पण. मशीननं घासलंय सगळं."

"घागर?"

घागरीचं नाव मानेच्या बाजूला होतं. इथून दिसत नव्हतं. संघप्रिया तशीच मांडवाच्या कडेनं पुढं गेली. सोमेश सर एका मॅडमशी हसून बोलत उभे होते.

"सर, मी संघप्रिया. तेरची. पंप..."

सरांनी तिच्याकडं पाहिलं. ओळखलं, हे तिला त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसलं. मग ते तिच्या डोक्यावरून पलीकडं बघत म्हणाले, "कार्यक्रम चालू होतोय, बाळ. तिकडं मागं जाऊन बस."

ती मागं जाऊन बसली. आता तिला रडू येत नव्हतं. राग आला होता, आणि तो बरा वाटत होता.

त्याच मॅडम प्रमुख पाहुण्या होत्या, कुठल्याशा मोठ्या ऑफिसातल्या. फीत कापली, टाळ्या झाल्या. सर माइकवर बोलले. सहा महिने हे शिल्प मनात होतं म्हणाले, एकेक वस्तू गावोगाव फिरून वेचली म्हणाले. शेवटी निवेदकानं विचारलं, "कुणाला कलाकारांना काही विचारायचंय?"

अमृतनं हात वर केला. लहान पोर बघून सगळे हसले आणि माइक त्याच्या हातात आला.

"सर, गाय लई भारी झालीय. हिच्या पोटात काय हाय?"

सर हसले. "छान प्रश्न. पोटात काहीच नाही, बेटा. दुष्काळी भागातली गाय आहे ना. तिचं पोट मुद्दाम रिकामं ठेवलंय. तो रितेपणा हाच या शिल्पाचा अर्थ."

जोरात टाळ्या पडल्या. त्या संपेपर्यंत संघप्रिया उभी राहिली होती.

"मॅडम, पोट रिकामं न्हाय," ती म्हणाली. "आत परात हाय. काठावर नाव हाय, अजीजाबी. त्या तिथं बसल्यात. ही म्हैस आमी तिघांनी केलीय. बाहेरची नावं घासलीत, पण आतलं घासाय हात पोचत न्हाय. मानेत भोक हाय. माझा हात जातो. मोबाइल आत घालून फोटो काढून दाखवू का?"

सगळ्या माना अजीजाबींकडं वळल्या. सर म्हणाले, "मॅडम, ही मुलं माझ्या कार्यशाळेतली आहेत, जरा गैरसमज..."

"आत्ताच हिला मागं बसवलंत, तेव्हा ओळखलं नव्हतंत?" मॅडम म्हणाल्या. त्यांनी स्वतःचा मोबाइल संघप्रियाच्या हातात दिला.

तिनं चौथऱ्यावर चढून खांद्यापर्यंत हात आत घातला. भांड्यांच्या काठांनी कोपर खरचटलं. उजेड चमकला. फोटो मॅडमनी पाहिला, मग मोबाइल अजीजाबींपुढं धरला.

"मला काय दिसतंय, डोळेच दाखवायला आलेय मी," दादी म्हणाल्या. "पण आतल्या काठावर नाव असंल, आन् नावाच्या वर एक पोचा. माझ्या सासूनं आपटली व्हती."

पोचा होता. कुणीतरी हसलं आणि मग साऱ्या मांडवालाच कंठ फुटला.

पुढचं भराभर झालं. सरांच्या नावाची पाटी उतरवली. सरांसाठी आणलेले गुच्छ तिघांच्या हातांत आले. मॅडमनी पाठ थोपटली, धीट मुलं म्हणाल्या. नवीन पाटीवर तुमची नावं टाकू, चौकशीही करू, पण शिल्प इथंच राहू द्या, आता ते साऱ्या जिल्ह्याचं झालं. या वेळीही निर्णय आधी झाला आणि मुलांना नंतर कळला. निवेदकाला हेडमास्तरांचा फोन आला. आमची शाळा पहिल्यापासून अशा गुणांना वाव देते, असं ते त्याला सांगत होते.

"माझं नाव चौकात नको म्हटलं व्हतं," अजीजाबी पुटपुटल्या. "आता जिल्ह्याला ठाव झालं."

संघप्रियानं माइकवाल्याकडून पक्कड मागून घेतली आणि घागरीची तार सोडवली. घागर खाली उतरवली. काठाखाली बघितलं.

सोनेरी रंगाखाली पंजाएवढी जागा गुळगुळीत होती. तिनं नखानं रंग खरवडला. खाली लखलखीत तांबं. एक ठिपकाही उरला नव्हता.

सोमेश सर मांडवाच्या मागं गाडीची किल्ली शोधत होते. ती घागर घेऊन त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली. घासलेली जागा तिनं त्यांच्यासमोर धरली. सरांनी घागरीकडं बघितलं आणि अगदी वर्गात सांगायचे तशा आवाजात म्हणाले, "घासल्याशिवाय रंग धरत नाही, बेटा."

घरी पोचेपर्यंत बातमी पुढं पोचली होती. शेजारीपाजारी दारात जमले होते. वडलांनी अमृतला खांद्यावर घेतलं, जाईबाईंनी कानशिलावर बोटं मोडली. आई चुलीपाशी उभी होती. संघप्रियानं घागर तिच्यापुढं ठेवली आणि सगळं सांगितलं. माळ्यावरून काढली तिथपासून.

आईनं अंगठा काठाखाली फिरवला. एकदा, मग पुन्हा.

"बाजारात मशीन हाय, आई. हुबेहूब नाव घालून देतात. मी..."

"आबा मोठेपणी रात्रीच्या वर्गात लिहायला शिकले," आई म्हणाली. "माझ्या लग्नात भांडेवाला नाव घालून देत व्हता, तर म्हणले, नको, माझ्या लेकीचं नाव मी घालीन. खिळा घेऊन दोन दिवस ठोकत बसले. आबा गेले. रेशनकार्डावर, आधारवर, बँकेत, समदीकडं मी तुझ्या पप्पांची बायको. हितं तेवढी श्रीपतीची लेक व्हते."

बाहेर अमृत कुणाला तरी परातीची गोष्ट तिसऱ्यांदा सांगत होता. लोक हसत होते.

"तुमी चांगलं केलंत," आई म्हणाली. "मोठ्या माणसासमोर उभं ऱ्हायलात. मला अभिमान वाटतोय, खरंच वाटतोय. त्यानं न विचारता नेली म्हणून तुमी एवढं रान उठवलंत, बरोबर केलंत." तिनं घागर उचलून संघप्रियाच्या हातात दिली. "पण तू तरी मला कुठं विचारलंस?"

संघप्रियानं घागर छातीशी धरली. गुच्छ अजून तिच्या काखेत होता, त्यातली फुलं उन्हानं माना टाकून बसली होती.

"ठेव वर. जिथून काढलीस तिथंच," आई म्हणाली आणि भाकरी उलटायला वळली.

संघप्रिया स्टुलावर चढली. घागर तिनं जुन्या जागी ठेवली. घासलेली बाजू आधी भिंतीकडं गेली होती. तिनं घागर फिरवली आणि ती बाजू पुढं केली, खालून येताजाता आपल्याला दिसेल अशी.