पानाची पाठ

सांगायला बसलेच आहे तर आधी आकडे सांगते, कारण आकड्यांच्या बाबतीत माझ्यावर कुणी बोट ठेवू शकत नाही. मी ग्रंथालयाच्या दुरुस्ती विभागात बावीस वर्षं काम करते. विभाग म्हणजे तळमजल्यावरची एक खोली, उत्तरेकडे खिडकी, लांब टेबल, पुस्तकं दाबायचा शिकंजा, खळीचं पातेलं आणि मी. लोक पुस्तकं फाडतात, मी ती शिवते. गेल्या वर्षी मार्चमध्ये मी दोन कोऱ्या वह्या बांधल्या. आठ-आठ पानांचे सहा फर्मे, म्हणजे अठ्ठेचाळीस पानं, दोन्ही वह्या अगदी सारख्या. शिवण्याआधी प्रत्येक पानाच्या तळाशी कोपऱ्यात मुंगीएवढा आकडा पेन्सिलीने टाकायची मला सवय आहे. तसे टाकले. एक वही माझी, एक धाकटीची.

धाकटी म्हणजे माझी बहीण. माझ्याहून आठ वर्षांनी लहान, चष्म्याच्या दुकानात कामाला, एकटीच राहायची. ग्रंथालयाच्या वरच्या हॉलमध्ये शनिवारी दुपारी चित्रवहीचा वर्ग भरायचा. तिकिटं, नकाशे, कापड, औषधांचे खोके, हाताला लागेल ते फाडायचं, चिकटवायचं, वरून रंग लावायचा आणि आपल्या मनातलं काहीतरी पानावर उभं करायचं. तुकड्यांनी भरलेली एक पत्र्याची ट्रंक दाराशी असायची. शिकवणाऱ्या बाईंचे नियम दोनच. ट्रंकेतून तुकडा घेतला तर आपला एक टाकायचा. आणि पानाची पुढची बाजू सगळ्यांची, मागची फक्त आपली. मागे काय वाटेल ते करा, कुणी कुणाच्या पानाची पाठ बघायची नाही.

वर्षअखेर वर्गातलं एकच काम खालच्या दालनातल्या काचपेटीत ठेवणार होते. ती काचपेटी मला हवी होती. लाजत नाही सांगायला. बावीस वर्षं तिच्यासमोरून जातेय, आणि आत कायम दुसऱ्या कुणाचं तरी काहीतरी.

धाकटीला तिथे नेलं मीच, सोबत म्हणून. "ताई, मला साधी सरळ रेघ येत नाही गं. मी काय करू तिथे?" म्हणाली होती. "बस नुसती. चहा मिळतो," मी म्हटलं. माझीच जीभ, दुसऱ्या कुणाला काय बोलणार!

पहिल्या महिन्यातच कळलं. तिच्या कोपरांना खळ, केसांत कागदाचे कपटे, कात्री धरायची ती सुरीसारखी. तिची कडा वाकडी, तुकडा सुरकुतलेला, आणि तरी तिने शर्टाच्या चार लेबलांचा आणि गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाचा एक झोपलेला कुत्रा केला तेव्हा बाई त्याच्यासमोर इतका वेळ उभ्या राहिल्या की त्यांच्या हातातल्या चहावर साय धरली. मग माझ्याकडे वळल्या. "अगदी नीटनेटकं आहे हो तुमचं." नीटनेटकं! वह्यांना कव्हर घालणाऱ्या शाळकरी मुलीला म्हणतात तसं. माझ्या पोटात दुखलं, आणि चांगलंच दुखलं. घरी आईला तो कुत्रा दाखवला तर आई म्हणाली, "तिच्या हातालाच आहे ते." लहानपणी तिने पहिल्यांदा पोळी लाटली तेव्हाही हेच, नाचात बक्षीस आणलं तेव्हाही हेच. माझ्या हाताला काय आहे, हे आईने कधी सांगितलं नाही, आणि मीही विचारायला गेले नाही.

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी धाकटी तिची वही घेऊन माझ्या खोलीत आली. चष्म्याच्या दुकानाची जेवणाची सुट्टी होती.

"ताई, हिचा कणा उसवतोय बघ. फारच जाडी झालीये."

"तुझ्यासारखी," मी म्हटलं. ती हसली. वही टेबलावर ठेवून डबा उघडून बसली, आणि मी सवयीने पानं मोजली.

एकोणपन्नास.

परत मोजली. एकोणपन्नास. एकतीस आकड्याची दोन पानं होती, लागून. दोन्हीवर आकडा माझ्या हातचा. माझ्या तीनचं डोकं सपाट असतं, कुणाला जमायचं नाही तसं. पान कुणी घुसडलं असेल तर चिकटवल्याची रेघ दिसते. दिसली नाही. शिवलं असेल तर त्याला घडीपलीकडचं जोडपान लागतं, कारण दोरा घडीतून जातो, एकटं पान शिवताच येत नाही. याला जोडपान नव्हतं. माझा दोरा अखंड, गाठ माझीच. ते पान तिथे नुसतं होतं, पहिल्यापासून असल्यासारखं.

मी खणातून माझी वही काढली. सत्तेचाळीस. एकतीस नव्हतं. त्याचं जोडपान सव्वीस जागच्या जागी, घट्ट.

आता हे सांगायला हवं की एकतिसावं पान मी मुद्दाम कोरं ठेवलं होतं. त्यावर मला एक जिना करायचा होता. मी आठ वर्षांची असताना धाकटीला दवाखान्यातून घरी आणलं, त्या दुपारी मी आमच्या जिन्याच्या चौथ्या पायरीवर वाट बघत बसले होते. नवीन सँडल घातले होते. उठताना डाव्या सँडलचा पट्टा तुटला. तो हातात धरून मी उभी राहिले आणि सगळे माझ्या बाजूने वर गेले. आई, बाबा, मावशी, दुपट्यातली ती. कुणी थांबलं नाही. याचा फोटो नाही. हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. पाच महिने मी तो जिना कागदावर आणायचा प्रयत्न करत होते आणि दरवेळी तो निव्वळ जिना व्हायचा.

तिच्या वहीतल्या त्या जादा पानावर जिना होता. जुन्या नकाशाच्या पट्ट्यांच्या पायऱ्या. चौथ्या पायरीवर बसच्या तिकिटांची एक मुलगी, तिला चेहरा नव्हता, फक्त मान वर. हातात लाल दोऱ्याचा तुटका पट्टा. काय सांगू, इतकं बरोबर होतं की माझ्या डाव्या पावलाला गार फरशी लागली.

"हे कधी केलंस?" मी विचारलं.

"कुठलं? अच्छा, हे होय. माहीत नाही गं. चिकटवता चिकटवता झालं."

"पान कुठून आणलंस?"

"वहीतलंच आहे की. पानं काय विकत आणू?"

"आणि ही मुलगी कोण?"

तिने घास गिळला, मान तिरकी करून पाहिलं. "मीच असेन ना. दुसरं कोण असणार?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नाच घे, पोळ्या घे, बाईंची शाबासकी घे, आई तर घेतलीच आहेस. आता ती एक पायरीही तुझीच का? मी खळ ढवळत राहिले. डबा बंद करून ती निघाली. दारातून वळून म्हणाली, "पाठ बघू नकोस हं, ताई. मागे माझं आहे."

"बघते कशाला मी?"

"तसं नाही गं. तू बघितलंस तरी चालेल खरं म्हणजे," ती म्हणाली. मग हात हलवून गेली.

चार वाजता मी ब्लेड घेतलं. बावीस वर्षांत मी एकाही पुस्तकाचं पान कापलेलं नाही, कापणाऱ्यांना मी मनोमन शिव्या घालते. पण पान माझं होतं. आकडा माझ्या हातचा, कागद मी निवडलेला, जिना माझा, पायरी माझी. कण्याला लागून ब्लेड फिरवलं आणि पान सुटून आलं.

माझ्या वहीत ते कडेने चिकटवता आलं असतं. पण मग पाठ दिसत राहिली असती, आणि पाठीवर तिचं काहीतरी होतं. म्हणून मी ते जाड पुठ्ठ्यावर कायमचं चिकटवायचं ठरवलं. आमच्या कामात खळ लावण्याआधी पाठ बघतात. शंभर वेळा बघतात. मागे शिक्का असेल, सही असेल, कुणाचं पत्र असेल, एकदा पुठ्ठ्यावर गेलं की गेलं. मी बघितली नाही. बघितली असती आणि तेही माझ्यापेक्षा चांगलं निघालं असतं तर? पान पालथं घातलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत ब्रश फिरवला.

ब्रशला उंचसखल लागत होतं. कपाळासारखा एक फुगवटा, खाली मऊ उतार. एका जागी खळ टिकेना. लावली की नाहीशी व्हायची. कागद पितो कधीकधी. मी तीनदा लावली. मग पान पुठ्ठ्यावर पालटलं, हाडाच्या पट्टीने दाबून बसवलं आणि शिकंज्याचा स्क्रू आवळला. सव्वाचार झाले होते.

धाकटी त्या संध्याकाळी घरी गेली नाही.

चष्म्याच्या दुकानदाराने मला आणि पोलिसांना एकच सांगितलं. "चार-सव्वाचारची वेळ. ती एका गिऱ्हाइकाला फ्रेम लावून बघत होती. मी बिलाच्या वहीकडे वळलो, परत बघतो तर गिऱ्हाईक एकटंच. फ्रेम एकाच कानावर लटकलेली. दुकानाला दार एक, आणि त्या दारात मी उभा." तिच्या चपला काउंटरखाली होत्या. पर्स खुंटीला होती. गिऱ्हाईक म्हणालं, तिची बोटं कानाला लागत होती आणि मग नव्हती.

मी जबाब दिला. उंची, रंग, डाव्या भुवईवर लहानपणच्या पडण्याची खूण. वहीचं बोलले नाही. काय बोलणार होते?

दुसऱ्या दिवशी शिकंजा उघडला. समोरून पाहिलं तर पान सपाट, सुरेख. पण सकाळच्या तिरक्या उजेडात धरलं, आणि ओला कागद वाळताना खालचा उंचवटा वर दाखवतो, तसं दिसलं. पायऱ्यांच्या खालून कपाळ, नाक, हनुवटी. डाव्या भुवईत एक बारीक खाच.

बाईंना विचारलं मी, सहज विचारल्यासारखं. त्या म्हणाल्या, "मागच्या शनिवारी मीच तर सांगितलं होतं सगळ्यांना, पाठीवर स्वतःचा चेहरा करा म्हणून. तुम्ही लवकर गेलात नाही का." म्हणजे झालं. लगद्याचा चेहरा, दुसरं काही नाही. मी स्वतःला तसं बजावलं, दोन-तीन दिवस पुरलं.

आणि ते निघतं. हेही सांगते, कारण मला चांगलं माहीत आहे. पिठाची खळ पाण्याला सुटते. कोमट पाणी, ओला कपडा, तासभर दम धरायचा, पान पुठ्ठ्यावरून सालीसारखं उठतं. फक्त पुढची शाई फुटणार. तिकिटं विरघळणार. जिना राहणार नाही.

डिसेंबरमध्ये बाईंनी माझा पुठ्ठा उचलला आणि बराच वेळ ठेवलाच नाही. "हे तुमचं? अहो, इतके दिवस कुठे लपवून ठेवलं होतंत?"

"माझंच," मी म्हटलं. बहीण चार महिने बेपत्ता होती, आणि मी आनंदाने थरथरत होते. खोटं कशाला बोलू.

काचपेटीत ठेवायचं एक महिना ठरलं. महिना संपला की पाण्यात घालायचं, असं मी मनाशी पक्कं केलं. पातेलं घासून ठेवलं होतं.

मग आई आली बघायला. चार महिन्यांत ती निम्मी झालीये. काठी टेकून पेटीसमोर उभी राहिली. मी मागे.

"ही तू," आई म्हणाली.

मी काचेजवळ सरकले.

"चौथ्या पायरीवर. पट्टा तुटला होता तुझा. मी वर जाताना बघितलं होतं गं. हातात बाळ होतं, थांबता आलं नाही." तिने काचेवर हात ठेवला. "किती सुंदर केलंयस. तुझ्या हातालाच आहे हे."

एकोणचाळीस वर्षं. तेवढी थांबले होते मी या वाक्यासाठी.

महिनाअखेरीला ग्रंथपाल खोलीत डोकावले. "लोकांना फार आवडलंय. कायमचंच ठेवू या का?"

पातेलं समोर होतं.

"ठेवा," मी म्हटलं.

पेटीची किल्ली माझ्याकडेच असते. सकाळी दालन उघडण्याआधी मी ती उघडते, कारण कागदाला फुगा येतो. जिन्याच्या खाली, नाकाच्या खाली जिथे तोंड असेल, तिथे. खळीत हवा राहिली की येतो, त्यात काही विशेष नाही. मी हाडाची पट्टी ठेवून दाबते, तो बसतो.

हल्ली पट्टी उचलली की तो सावकाश वर येतो. मग आपोआप खाली जातो. मग परत वर.

आज दाबत असतानाच फोन वाजला. आईचा. रोज सकाळी असतो.

"काही कळलं का गं तिचं?"

पट्टीखाली कागद जरा गरम लागला.

"नाही, आई," मी म्हटलं, आणि पट्टी थोडी जोरात दाबली.