हातांना आठवलेली ईरा

त्या काळात मिरजेत काठ्या विकणारी दुकानं बंद पडत चालली होती. सत्तरी उलटलेली माणसं भराभर जिने चढत, भरल्या बादल्या उचलत. ही सारी 'स्नायूउजाळा' या इंजेक्शनाची किमया होती.

जेवणानंतर रक्तात उतरणारी बरीचशी साखर स्नायू उचलतात. वयाबरोबर स्नायू झिजले की ती रक्तातच फिरत राहते, आणि वाढलेली साखर उरलेले स्नायू आणखी झिजवते. हे दुष्टचक्र उजाळ्याने मोडलं. स्नायूंचे तंतू बारीक झाले, तरी एकेकाळी कष्टाने त्यांत वाढलेली पेशीकेंद्रं पडीक रानातल्या बियांसारखी टिकून असतात. उजाळा त्यांना जागं करी.

प्रणिता कोरगावकरांना मधुमेहाने अंथरुणाला खिळवलं होतं. पायाची जखम भरत नव्हती. आधीच्या पक्षाघाताने आयुष्यातली कितीतरी वर्षं पुसून टाकली होती, आणि आज सांगितलेलं उद्या आठवत नसे. पाय तरी वाचावा म्हणून त्यांचे पती हर्षद यांनी उजाळा द्यायला होकार दिला. जखम सुकली. प्रणिता चालू लागल्या.

मग एका सकाळी हर्षद चहा घेऊन आले, तर त्या रिकाम्या पलंगावर वाकलेल्या. एक हात कुणाच्या तरी मानेखाली घातल्यासारखा, दुसरा गुडघ्यांखाली. हवेतलं ते ओझं त्यांनी अलगद उचललं आणि कुशीवर वळवलं.

"हर्षद, माझे हात हे काय करतायत रे?"

हर्षदनी ती हालचाल लगेच ओळखली. त्यांची लेक ईरा जन्मापासून हलू शकत नव्हती. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून प्रणिता तिला अशीच कुशीवर वळवत. ती तरुणपणीच गेली. पक्षाघातानंतर आई तिला विसरली, तेव्हा हर्षदनी तिचे फोटो कपाटात ठेवून दिले होते. दोघांपैकी एकीचं तरी दुःख संपलं, असं त्यांना वाटलं होतं.

"ज्या कामाने स्नायू घडले, तेच काम ते मागतात, काका," दवाखान्यात हे सारं ऐकून उजाळा देणाऱ्या डॉ. तांबोळी म्हणाल्या.

"आणि ते दिलं नाही तर?"

"पुन्हा झिजतील. साखर चढेल. मग पाय काढावा लागेल."

हर्षद घरी आले आणि ईराच्या जागी पलंगावर आडवे झाले. प्रणितांनी त्यांना सहज वळवलं, पाठ थोपटली आणि पुटपुटल्या, "झालं हं, ईरा."

मग त्या थबकल्या. "ईरा कोण?"

खोटं बोलायचं म्हणून हर्षदनी तोंड उघडलं. पण पाठीवरचा तो हात अजून थोपटतच होता. त्यांनी सगळं सांगितलं. प्रणिता दिवसभर रडल्या, कपाटातले फोटो उराशी धरून झोपल्या.

सकाळी उठल्या त्या ताज्यातवान्या. फोटोतली मुलगी कोण, ते त्यांना आठवत नव्हतं. हात मात्र पलंगाकडे निघाले होते.

महिन्याभराने डॉक्टरांचा फोन आला. "काका, साखर अगदी नॉर्मल! आता काळजी सोडा. काकू अजून पुष्कळ वर्षं जगतील."

हर्षदनी फोन ठेवला. आतल्या खोलीतून हाक आली, कालच्यासारखीच कुतूहलाने भरलेली.

"हर्षद, अरे, ही ईरा कोण?"