मुक्काम सोसायटीचा जिना

प्रयोगशाळेतल्या काचेच्या टेबलावर इमारतीचा वाढ-नकाशा पसरला होता आणि मंदाकिनी ढोबळे खुर्चीत काही टेकेना. उठायची, खिडकीशी जायची, परत यायची.

"ताई, बसा ना जरा," डॉ. इरावती ठोंबरे म्हणाली. श्वासवीट तिनंच शोधली होती.

"बसायला वेळ कुठं आहे जी? माझी खोली का आकसली, तेवढं सांगा."

वर्धा डेपोच्या ड्रायव्हर-कंडक्टरांसाठी 'मुक्काम सहकारी गृहनिर्माण संस्था' उभी केली ती मंदाकिनीनंच. पहिले दहा सभासद गोळा करताना तिच्या चपला झिजल्या. तीस वर्षं भाड्याच्या खोल्यांत काढलेल्या या कंडक्टरबाईला एकच हवं होतं: स्वतःचं दार, आतून कडी लावता येईल असं. बिल्डर परवडणारा नव्हता, म्हणून श्वासवीट.

"वीट जिवंत आहे," इरावती म्हणाली. "तिच्यातले जिवाणू माणसाचा उच्छ्वास खातात आणि त्याची भिंत करतात. जिथं श्वास पडतो तिथली जागा वाढते. जिथं पडत नाही तिथली भिंत उपाशी राहते आणि आत आत सरकते. कुणाकडं बाळ झालं की खोली मोठी होते, ती यामुळंच."

"ठाऊक आहे. दहाचे चाळीस झालो ते त्याच्याच जोरावर."

पण ते चाळीस होणं म्हणजे काय खायचं काम होतं? नवा मजला वाढवायला प्रत्येक सभासदाची लेखी संमती लागे. सभा बोलावली की गणपूर्ती व्हायची नाही. मंडळी खुशाल म्हणायची, अर्ध्या तासानं तहकूब सभा भरतेच, तेव्हा येतो. तेव्हाही यायची नाहीत. मग मंदाकिनी रजिस्टर काखेत मारून दारोदार. दिवस मोकळा मिळावा म्हणून तिनं मुक्कामी गाडीची ड्यूटी मागून घेतली. झोपायची कुठल्यातरी खेड्यात, उजाडलं की सोसायटीच्या जिन्यात हजर. घरी फक्त साडी बदलायला.

"वर्षभरात तुम्ही स्वतःच्या खोलीत एकूण एकेचाळीस तास होतात," इरावती म्हणाली.

"मग माझा श्वास गेला कुठं? मी काय तो घेतच नव्हते?"

इरावतीनं नकाशा फिरवला. जिन्यात, प्रत्येक दारासमोर भिंत बाहेर फुगली होती. "इथं. सह्यांसाठी जिथं उभ्या राहून समजावत होतात तिथं. चाळीस दारांसमोरची ही जागा एकत्र केली तर तुमच्या मूळ खोलीपेक्षा जास्त भरते."

मंदाकिनीनं नकाशावरचं एकेक दार बोटानं मोजलं. सह्या मागत फिरल्याच्या तीन वर्षांत एकानंही तिला आत बोलावलं नव्हतं, आणि हे आज पहिल्यांदा तिच्या ध्यानात येत होतं.

"जिना सामायिक," ती हळूच म्हणाली. "तो कुणाच्या नावावर होत नाही. पोटनियम मीच लिहिलाय."

"नवी खोली वाढवू. वर्ष लागेल. तोवर कुणाकडं तरी राहा."

मंदाकिनी परतली तेव्हा तिच्या खोलीत ट्रंक ठेवण्यापुरतीच जागा उरली होती. ती पहिल्या मजल्यावर गेली आणि गजानन उईकेची बेल वाजवली. ड्रायव्हर उईके तिचा सगळ्यात पहिला सभासद. त्यानं दार उघडलं, चष्मा लावला आणि हात पुढे केला. "आणा ताई. कुठं सही करू?"

"सही नको, गजाननभाऊ. माझी खोली गेली. मला आत येऊ द्या."

उईकेला खरंच वाईट वाटलं, डोळे भरून आले त्याचे. लगबगीनं आत गेला, घरातली सगळ्यात चांगली खुर्ची उचलून आणली, दाराबाहेर जिन्यात मांडली आणि खांद्यावरच्या पंच्यानं पुसली.

"बसा ताई," तो म्हणाला. "इथं ऐसपैस जागा आहे."